आमचा वाडा नक्की किती जुना? माझा अनुभव

आमचा वाडा शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. लहानपणापासून ऐकत आलोय की आपला वाडा पेशवेकालीन, लग्नाकार्यात कुणी पुण्याबाहेरचं भेटलं की काका हे वाक्य टाकणारच. मागच्या वर्षी सगळ्या चुलतभावांचं एकदाचं एकमत होऊन बिल्डरशी ॲग्रीमेंट झालं, तेव्हा म्हटलं पाडायच्या आधी निदान मापं घेऊन ड्रॉइंग करून ठेवू. मी आयटीतला, मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण बायकोची मैत्रीण कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट, म्हणजे जुन्या वास्तू जपणारी आर्किटेक्ट आहे, तिने शिकवलं आणि शनिवार-रविवार करत पाच महिने गेले.

आधी अर्थातच कागदांच्या मागे लागलो. प्रॉपर्टी कार्डावर नावं ढीगभर, पण कुठली भिंत कधी उभी राहिली हे कार्ड कशाला सांगतंय. एक सुट्टी वाया गेल्यावर मैत्रीण म्हणाली, कागद सोड, विटा बघ.

ओसरीत पोपडे निघालेलेच होते, आत मातीत बसवलेल्या चपट्या विटा, पट्टी लावली तर जेमतेम दीड इंच जाडी. वरच्या मजल्यावरची वीट मात्र तीन इंची आणि एका अंगाला खोलगट खाच, ही साच्यातली, इंग्रजी अमदानीतली. आणि नदीकडची मागची भिंत सरळ सिमेंटमध्ये. तिचं कारण घरात पोराटोरांनाही पाठ आहे, १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तेव्हा पाण्याने ती बाजू बसली. म्हणजे पहिल्याच रविवारी एका वाड्याचे तीन वाडे झाले. (त्या दिवशी काढलेले दोनशे फोटो फुकट गेले कारण एकातही पट्टी ठेवली नव्हती, तुम्ही ठेवा.)

मग खांब. ओसरीचे चारही खांब ऑइलपेंटने इतके लिंपलेले की नक्षी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं, दोन तास ब्लेडने खरवडलं तेव्हा हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी झाली आणि खाली पाकळ्या दिसल्या. सुरूचा खांब, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचा! मधे फुगीर, वर निमुळता, टोकाला केळफूल. दुसऱ्या दिवशी जाऊन विश्रामबागवाड्याचे खांब बघून आलो, तेच घराणं. आता विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, म्हणजे अगदी उतरती पेशवाई, पण मैत्रीण म्हणाली लगेच नाचू नकोस, १८१८ ला राज्य गेलं म्हणून सुतारांनी दुसऱ्या दिवशी पटाशी खाली ठेवली नसणार. तरी काका खूष.

त्यांना त्याहून खूष करणारा पाचवा खांब वर मागच्या खोलीत सापडला, अगदी तसाच. पण त्याच्या खाली तळखडा, म्हणजे बसायचा दगड, नव्हता, खालचे चारही दगडी तळखड्यावर आणि हा सिमेंटच्या ढेकळावर. शिवाय वरच्या अंगाला तुळई अडकवायची खाच भिंतीकडे तोंड करून रिकामी. म्हणजे पुरानंतर पडझडीतून उचलून इथे टेकूला लावलेला. खांब जुना, जागा नवी.

कौलांनी पण असंच फसवलं. मंगलोरी कौल उलटं केलं तर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचा ठसा आणि खाली १८६५, मी लगेच वहीत छप्पर १८६५ लिहून मोकळा. ते साल कारखाना निघाल्याचं! कौल त्यानंतर कितीही वर्षांनी बनवलेलं असू शकतं. वही खोडली.

मला सगळ्यात आवडली ती दिवाणखान्याची भानगड. बाकी वाडा खणात मोजलेला, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, खोली मोठी हवी तर मधे खांब येणारच कारण लाकूड पुरणार किती. आणि वरच्या दिवाणखान्यात मधे एकही खांब नाही. आम्ही लहानपणी तिथे क्रिकेट खेळायचो तेव्हा कधी डोक्यात आलं नाही की हे कसं काय. छताच्या फळ्या काढल्यावर वर दोन लोखंडी गर्डर, गंज ब्रशने घासला तर पोटावर अक्षरं, डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. हे वजन बैलगाडीने घाट चढून येणं कठीणच, ते रेल्वेचं काम, आणि बोर घाटातून गाडी सुरू झाली १८६३ ला, म्हणजे दिवाणखाना त्यानंतरचा. कुणा पणजोबांच्या हातात चार पैसे आले असणार आणि त्यांना बिनखांबाची खोली हवी असणार, इतकंच मी म्हणू शकतो. खालची शहाबादी फरशी पण त्याच रेल्वेच्या वाटेवरून आली असावी.

शेवटी ड्रॉइंगवर चार रंग भरले. पेशवाई किंवा तिच्या जवळपासचा लाल रंग फक्त ओसरी आणि दिंडी दरवाजाला, बाकी सगळं नंतरचं. काकांना जेवणं झाल्यावर दाखवलं, जरा भीतभीतच. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं, लाल रंगावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दार आपलं पेशवेकालीन आहे ना? मग माणूस येतो कुठून, दारातूनच ना?"