एमआरआयमध्ये न दिसलेली भिंत

मावशींची फाईल जाडजूड. दोन ऑर्थोपेडिक, एक न्यूरो, मधे एक हाडवैद्य. एमआरआयमध्ये वयाला शोभेल एवढीच झीज, तरी कंबर आणि डावा खांदा तीस वर्षं ठणकतोय. काही सापडलं नाही की पेशंट फिजिओकडे ढकलायचा, ही रीत जुनीच.

लोकांना वाटतं आम्ही शेक देतो आणि करंट लावतो. खरं निदान हातांना लागतं. पालथं झोपवलं तर मावशींच्या कण्यालगतचे स्नायू दगडासारखे, श्वास वरच्या छातीतच. "मॅडम, पडदा नका लावू," एवढंच त्या बोलल्या. पडदा उघडा ठेवला.

कमरेला पॅड लावून मशीन सुरू केलं आणि बाहेरून रोड रोलर गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या. वायरी ओढत मावशी दारात! चौकट घट्ट धरलेली, घामाने चिंब. "भित पडली का?"

मग विचारलं, भूकंपाच्या वेळी तुम्ही कुठे होतात? किल्लारीजवळच्या गावात. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56. अनंत चतुर्दशीची मिरवणूक उरकून गाव नुकतं झोपलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा भार. त्या दुपारपर्यंत ढिगाऱ्याखाली होत्या, शेजारी जाऊबाई. जाऊबाई वाचल्या नाहीत. मावशी आजही पावसाळ्यातसुद्धा पत्र्याच्या पडवीत झोपतात.

लातूर-धाराशिवकडच्या त्या वयाच्या पेशंटला हा प्रश्न इतक्या डॉक्टरांपैकी एकानेही विचारू नये, याचा मला राग येतो. कळ आली की ती भिंत आठवते, भिंत आठवली की अंग आवळतं, आवळलं की पुन्हा कळ. त्यात झोप मोडलेली, म्हणजे वेदना सोसायची ताकद आणखी कमी. दोन्ही दुखणी एकमेकांना जगवतात, आणि आपण एकाला गोळी देतो, दुसऱ्याचं नावही काढत नाही.

आता मशीन बंद आहे. कॉट दाराशी सरकवली. पालथं झोपवत नाही, खुर्चीत बसवते, हात लावण्याआधी सांगते. लांब उच्छ्वास, थोडं चालणं, खांद्याचे हलके व्यायाम. गेल्या आठवड्यात त्या स्वतःहून म्हणाल्या, "आज जरा हलकं हाय."

मानसोपचाराचं नाव काढताच मुलगा भडकला. "आईला वेड लागलेलं नाही." पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात आणि अंगात राहिलेली भीती, म्हणजे वेड नव्हे हे समजावलं, 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. मावशीच मधे बोलल्या, "जाईन की. पर तितं दार उघडं ठिवा म्हणावं." मी फोन करून तसं सांगितलंय.

अडचण पुढची आहे. क्लिनिकसमोरच मंडळाचा मांडव पडतो, डीजेने दहा दिवस काचा हादरतात. नेमक्या त्याच दिवसांत मावशींचं दुखणं दरवर्षी उसळतं. तेवढे दिवस उपचार थांबवावेत की त्यांच्या अंगणात जाऊन करावेत, माझं अजून ठरत नाही.