अजिंठा: पाठीवरची बॅग पोटावर घ्या

डिसेंबरात अजिंठ्याला जाऊन आलो, मी, बायको, आई आणि मावशी. जाणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे दोन्ही करायचं असेल तर वारांचा घोळ घालू नका. जळगावहून साधारण ६० किमी पडतं, संभाजीनगरहून १०० च्या आसपास. गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला लावायची आणि तिथून एसटीच्या बसने ४ किमी आत. बसपर्यंत पोचताना दुकानवाले स्फटिक, माळा घेऊन मागे लागतात, त्यांना चुकूनही "येताना बघू" म्हणू नका, ते लक्षात ठेवतात.

सगळी पब्लिक बसमधून उतरून, पायऱ्या चढून जी घुसते ती थेट १ नंबरच्या लेण्यात, कारण पद्मपाणी बोधिसत्त्वाचं ते प्रसिद्ध भिंतीवरचं चित्र तिथे आहे. आम्हीही तेच केलं आणि पस्तावलो. आत मुद्दाम अंधुक लाइट ठेवलाय, डोळे सरावायला पाचेक मिनिटं लागतात, पण तेवढा धीर कोणाला आहे? एकाने मोबाइलचा टॉर्च लावला, गार्ड ओरडला, टॉर्च बंद, की दुसऱ्या कोपऱ्यात फ्लॅश. बिचाऱ्या गार्डचा आवाज सकाळी साडेदहालाच बसला होता. एक बाई रेलिंगवरून वाकून भिंतीला नख लावून बघत होत्या, का तर "खरा रंग आहे का प्रिंट चिकटवलीये". आता हा रंग काही दगडावर दिलेला नाहीये, दगडावर माती, भाताचं तूस, गवत असलं कालवून लिंपण, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. म्हणजे आपल्या गावाकडच्या मातीच्या भिंतीसारखाच प्रकार, फक्त दीड हजार वर्षं जुना. नख लावलं की पोपडा येणारच ना.

त्यामुळे माझं ऐकाल तर उलटं करा, आधी तडक २६ नंबर गाठा. महापरिनिर्वाणाची, म्हणजे बुद्धाच्या अंतिम क्षणाची आडवी मूर्ती, सातेक मीटर लांब, सकाळी तिथे शांतता असते. मग मागे येत १९, १७, १६, १०, ९, २ आणि शेवटी १. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, आई त्यात बसली, भाव मात्र आधी ठरवा.

१० नंबरचं लेणं सगळ्यात जुन्यांपैकी, सातवाहन काळातलं. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश अधिकारी शिकारीला आला होता, पलीकडच्या डोंगरावरून त्याला कमान दिसली आणि मग जगाला अजिंठा कळला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण पठ्ठ्याने आत शिरून काय केलं तर खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली! तेही आपल्या डोक्याच्या वर, कारण तेव्हा लेण्यात एवढा राडारोडा साचला होता की तो त्या ढिगावर उभा होता. आता गंमत बघा, लोक चित्र सोडून त्या नावाचे फोटो काढतात, मीपण काढला, खोटं कशाला बोलू. शेजारी एक कॉलेजचा पोरगा मित्राला म्हणाला, "तो गोरा लिहून गेला तर हेरिटेज, आपण लिहिलं तर केस." मला हसू आलं, पण केस होते हे खरंय, संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. तरी देशी नावांची, बदामांची कमी नाही, आणि त्यांना बघायला मान वर करावी लागत नाही.

एवढी सगळ्यांवर टीका करत मी १७ नंबरमध्ये शिरलो. पाठीवर फुगलेली सॅक, आत गर्दी, एका फॅमिलीला जाऊ द्यायला दाराजवळ जरा मागे सरकलो आणि गार्डने "ओ काळी बॅग!" अशी हाक मारली. बाहेर येऊन बघतो तर सॅकवर पिवळट मातकट भुकटी, बोटभर रुंद पट्टा. चित्र नव्हतं तिथे, नुसतं लिंपण होतं, पण होतं तेवढंच जुनं. मावशी म्हणाली, "त्या नखवाल्या बाईला तूच नावं ठेवत होतास ना मघाशी?" गप्प बसलो. त्यामुळे सॅक गाडीतच ठेवा, नाहीतर पोटावर घ्या. चप्पल बाहेर काढावी लागते, तर सारखे लेसचे बूट बांधत बसू नका. पाणी भरपूर न्या, खायचं काही हातात दिसू देऊ नका, माकडं टपलेली असतात.

दुपारी चारला टी पॉइंटला परत आलो तर सकाळचा दुकानवाला उभाच. "साहेब, येताना बघू म्हणाला होतात." मी काही बोलायच्या आत मावशीने घासाघीस करून अर्ध्या किमतीत दोन स्फटिक घेतले आणि ते माझ्या त्याच सॅकमध्ये टाकले.