सखारामच्या घरातले नियम

नाटकाच्या अभिवाचनानंतर गप्पा सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास येतो: लेखकांना रूढी, संकेत, मर्यादा मोडल्याशिवाय काही लिहिताच येत नाही का? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नियम पाळले जात असतात तोवर ते सहसा कुणाच्या नजरेत भरत नाहीत. ते कुणाच्या सोयीसाठी झाले आणि त्यांचा भार कोण वाहतो, हे कुणी ते मोडू लागले की उघडे पडते, आणि चांगल्या लेखकाला रस असतो तो या उघडे पडण्यात. याचे मराठीतले सर्वांत धारदार उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचे १९७२ साली रंगभूमीवर आलेले ‘सखाराम बाइंडर’.

सखारामला लग्न मान्य नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईला तो घरी आणतो आणि पटेल तोवर राहा, न पटल्यास मोकळी आहेस, असे तोंडावर सांगतो. त्या काळच्या प्रेक्षकाला हादरवायला एवढेही पुरेसे होते. पण तेंडुलकर तिथे थांबत नाहीत. अशी आणलेली लक्ष्मी घरात पाऊल टाकते न टाकते तोच सखाराम तिला या घराचे नियम ऐकवू लागतो: घर नीटनेटके राहिले पाहिजे, विचारल्याशिवाय बाहेर पडायचे नाही, परक्या माणसासमोर मान वर करायची नाही, आणि बायकोने नवऱ्यासाठी जे करायचे ते सगळे करायचे. लग्नाचा विधी नाकारलेल्या या माणसाने नवरेपणाचा अधिकार तेवढा जसाच्या तसा उचलून घरात आणलेला असतो. समाजाची मर्यादा मोडणारा माणूस स्वतःच्या चार भिंतींत किती कडक कायदा चालवतो, हे दाखवण्यासाठी आधी ती मर्यादा मोडलेली दाखवणे भागच होते.

गणपतीच्या आरतीचा प्रसंग तर मला दरवेळी अस्वस्थ करतो. सखारामचा मित्र दाऊद आरती म्हणू लागतो, तो मुसलमान म्हणून लक्ष्मी हरकत घेते, आणि त्यासाठी सखाराम तिला मारहाण करतो. मुद्दा पाहिला तर आपण सखारामच्या बाजूचे असतो. मार पाहिला तर त्याच्या बाजूला उभे राहणे अशक्य होते. रूढी पाळणारी इथे अन्याय करते आणि रूढी मोडणारा क्रौर्य करतो, आणि प्रेक्षकाला टेकायला जागा उरत नाही. पुढे लक्ष्मीनंतर घरी आणलेल्या चंपाचा सखारामच्या हातून खून होतो, तेव्हा प्रेत पुरून टाकण्यासाठी त्याला धीर देते ती हीच देवभोळी लक्ष्मी. चंपा पापी होती, एवढे कारण लक्ष्मीला पुरते. म्हणून या नाटकात मर्यादा कुणी मोडली, या प्रश्नाला सखाराम एवढेच उत्तर दिले तर नाटक अर्धेच वाचल्यासारखे होते.

नाटकांच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाला मात्र यातले बरेचसे केवळ अश्लील वाटले, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना प्रयोगांसाठी उच्च न्यायालयात जाऊन लढावे लागले. त्याआधी १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचेच ‘गिधाडे’ रंगमंचावर आणले, तेव्हा त्यातल्या माणिक या बहिणीच्या साडीवरच्या गर्भपाताच्या लाल डागाला हरकत घेतली गेली. नाट्यमंडळींनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा, असे प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितले. मग तो डाग पाहिल्यावाचून कोण राहणार? घरातल्या भावांनी बहिणीवर केलेल्या अत्याचाराची ती खूण होती, आणि हरकत अत्याचाराला न घेता खुणेला घेतली गेली, हेही त्या निळ्या रंगाने सर्वांना दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट चर्चेत निसटते. एक नियम मोडणारा लेखक दुसरा नियम बहुधा फार निष्ठेने पाळत असतो. बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. पण यंत्रयुगातल्या शहराची ती विद्रूप, त्या काळी काव्यबाह्य मानलेली सामग्री त्यांनी अनेकदा अभंग-ओवीच्या जुन्या छंदांतच बसवली. संतांच्या वळणाची लय कानात असल्यामुळेच त्यातला आशय अधिक बोचतो. तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ही एका घरातल्या दोन खोल्यांत, अतिशय काटेकोर बांधणीने घडते. सगळेच एकदम मोडले असते, तर नेमके काय मोडले हे कळलेच नसते.

राहिला प्रश्न निव्वळ खळबळीसाठी शिव्या आणि शय्यादृश्ये पेरणाऱ्या लेखनाचा. तसे लेखन आहे, आणि पुष्कळ आहे. त्यात नियम मोडल्याने कुणाचेच काही बिघडत नाही, कुणालाही किंमत मोजावी लागत नाही, आणि तो नियम मुळात कशासाठी होता हेही वाचकाला उमगत नाही. तुमचा त्रागा अशा पुस्तकांवर असेल, तर तो मला पूर्ण मान्य आहे.