ब्रिगहॅमिया, दुसरं वर्ष: बोंड धरलं!

अकरा फुलांमागे एकच, चण्याएवढं. पण धरलं!

आधी ओळख करून देतो. ब्रिगहॅमिया इन्सिग्निस हे हवाई बेटांपैकी काउआई आणि नीइहाउचं झाड, समुद्रकड्यांवर वाढणारं. इथे नेदरलँड्समध्ये ते ‘हवाई पाम’ म्हणून विकतात, पण पामशी त्याचा काही संबंध नाही. खाली फुगीर, मांसल बुंधा आणि वर पानांचा झुबका. व्हिडिओ कॉलवर पाहून आई म्हणाली, “काठीला कोबी कशाला खोचलायस?” इंग्रजीतलं टोपणनावही नेमकं तेच आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार!

जुलैत पानं पिवळी पडून गळाली, आणि घाबरून मी पाणी वाढवलं. तिथेच चुकलं. उन्हाळा हा याचा विश्रांतीचा काळ. माझ्या तीन झाडांपैकी एकाचा बुंधा मऊ पडला आणि ते गेलं. उरलेल्या दोघांच्या मातीत आता निम्मं परलाइट (पाणी झटकन निचरू देणारे हलके पांढरे खडे) घातलंय. लाल कोळी ही बारीक कीड लागू नये म्हणून पानं खालून धुतो, बास.

सप्टेंबरअखेर कळ्या आल्या. फूल फिकट पिवळं, नळी बोटाहून लांब, वास मंद गोड. यात आधी पराग बाहेर येतात, कुक्षी (पराग झेलणारं टोक) नंतर उघडते. हे माहीत नसल्यामुळे पहिली पाच फुलं मी त्यांचेच पराग त्यांना फासून वाया घालवली. मग ताज्या फुलातले पराग दुसऱ्या झाडावरच्या जुन्या, कुक्षी उघडलेल्या फुलाला लावले. ब्रशच्या केसांत अर्धेअधिक पराग अडकून राहतात, त्यापेक्षा टूथपिक बरी.

हे काम मुळात एका लांब सोंडेच्या पतंगाचं असावं, आणि तो नामशेष झाला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ स्टीव्ह पर्लमन काउआईच्या कड्यांवरून दोराने उतरून पराग लावायचे. मला स्टुलावर चढतानाच धाप लागते. त्यातच बकऱ्यांनी झाडं खाल्ली, १९९२च्या इनिकी वादळाने उरलीसुरली झोडपली. २०१४ साली रानात एकच झाड उरलं होतं. कुंड्यांत मात्र हजारो.

बोंडाला जाळीची पिशवी बांधली आहे, कारण बी अगदी बारीक असतं. पेरताना वर माती टाकणार नाही, त्याला उजेड लागतो.

माझी दोन्ही झाडं एकाच दुकानातली, बहुधा भावंडंच. तुमचं झाड वेगळ्या नर्सरीतलं असेल आणि आत्ता फुललं असेल तर कळवा. चिमूटभर पराग हवेत.