तातार कोणाला म्हणावे? कझान ते योश्कार-ओला

कझानच्या मेट्रोत स्थानकांच्या घोषणा रशियन, तातार आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होतात, आणि सरकारी इमारतींवरच्या पाट्याही रशियनच्या जोडीला तातार भाषेत असतात. रशियन संघराज्यातील तातारस्तान या प्रजासत्ताकाची ही राजधानी. येथे 'तातार' हा शब्द इतका सरकारमान्य आणि रोजच्या वापरातला आहे की त्यात विचारण्यासारखे काही असेल, असे नवख्या प्रवाशाला वाटणार नाही. मला मात्र विचारायचे होते. मराठी इतिहासलेखनात चंगीझखानाच्या फौजांना कोठे 'तातार' तर कोठे 'तार्तर' म्हटलेले आढळते. पहिले रूप फारसीच्या वाटेने आलेले, दुसरे इंग्रजीच्या. त्या फौजा तर मंगोलांच्या होत्या. मग व्होल्गाकाठी पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि व्यापार करणाऱ्या, तुर्की कुळातील भाषा बोलणाऱ्या या लोकांना तेच नाव कसे मिळाले, हा प्रश्न घेऊन मी जूनमध्ये तेथे पोहोचले.

कझानचे क्रेमलिन म्हणजे नदीकाठच्या उंचवट्यावरचा पांढऱ्या तटबंदीचा किल्ला. १५५२ मध्ये रशियाच्या चौथ्या इव्हानने कझानची खानशाही जिंकली, आणि आज दिसणारा दगडी तट त्यानंतरचा आहे. किल्ल्यातील निळ्या घुमटाची कुल शरीफ मशीद २००५ मध्ये खुली झाली. त्या लढाईत मारल्या गेलेल्या इमामाचे नाव तिला दिलेले आहे. मशिदीच्या तळमजल्यावर इस्लामी संस्कृतीचे संग्रहालय आहे. तेथे भेटलेल्या मार्गदर्शक बाईंना मी माझा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी उत्तराची सुरुवात कझानपासून नव्हे, तर मंगोलियातील ओरखोन नदीच्या खोऱ्यापासून केली.

त्या खोऱ्यातील ७३२ सालच्या, कुल तेगिन या तुर्की राजपुत्राच्या शिलालेखात 'ओतुझ तातार', म्हणजे तीस तातार, असा उल्लेख आहे, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी कोरलेल्या बिल्गे खाकानच्या लेखात 'तोकुझ तातार', म्हणजे नऊ तातार, येतात. हे तातार पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातील जमातींचे संघ होते. चंगीझच्या बापाला त्यांनी विष घातले, असे मंगोल परंपरा सांगते. १२०२ मध्ये चंगीझने त्यांचा पराभव करून त्यांची कत्तल केली. म्हणजे मूळचे तातार हे मंगोलांचे हाडवैरी. परंतु चिनी लोक उत्तरेकडच्या भटक्यांना आधीपासून सरसकट याच नावाने ओळखत होते, आणि पुढे मंगोल सैन्य पश्चिमेकडे सरकले तेव्हा त्याच्याआधी हे नाव तेथे पोहोचले. ज्यांचा समूळ नाश केला त्यांच्याच नावाने जगभर ओळखले जाण्याची पाळी मंगोलांवर आली. इतिहासाने उगवलेला सूड म्हणतात तो असा.

युरोपात लॅटिन लिहिणाऱ्यांनी त्यात एक 'र' वाढवला, कारण त्यांच्या पुराणांत 'टार्टरस' म्हणजे पाताळातील नरक होता आणि पूर्वेकडून आलेल्या घोडेस्वारांना नरकातून आलेले ठरवणे त्यांना सोयीचे होते. इंग्रजी आणि फ्रेंच रूपांतला हा 'र' तेव्हापासूनचा. हंगेरीत १२४१ मध्ये मंगोल शिरले, त्या आक्रमणाला हंगेरियन भाषेत आजही 'तातारयाराश' म्हणतात. रशियात मंगोल साम्राज्याचा जो पश्चिम भाग, म्हणजे सुवर्ण टोळी, राज्य करीत होता, तेथील बहुसंख्य प्रजा किपचाक तुर्की बोलणारी होती; पंधराव्या शतकात ते राज्य फुटून कझान, क्रिमिया, अस्त्राखान आणि सैबेरिया येथे वेगवेगळ्या खानशाह्या झाल्या, आणि मॉस्कोच्या दृष्टीने त्या साऱ्यांची प्रजा 'तातार' ठरली.

तेथील लोक मात्र स्वतःला काय म्हणत होते? याचे उत्तर काबान सरोवराच्या काठच्या जुन्या तातार वस्तीत मिळते. रंगीत लाकडी घरांच्या या वस्तीत दुसऱ्या कॅथरीनच्या परवानगीने १७६६ ते १७७० या काळात बांधलेली मशीद आहे, आणि तिला आज तेथील ज्या इमामाचे नाव आहे ते शिहाबुद्दीन मर्जानी (१८१८–१८८९) हे इतिहासकारही होते. त्यांच्या काळी येथील सामान्य माणूस स्वतःला 'मुसलमान' म्हणे, किंवा 'कझानली', म्हणजे कझानकर, किंवा 'बोल्गार', म्हणजे व्होल्गाकाठच्या त्या नावाच्या जुन्या राज्याचा माणूस. रशियन तोंडात 'तातार' हा शब्द शिवीसारखा येई. 'आगंतुक पाहुणा तातारापेक्षा वाईट' ही रशियन म्हण अजून लोकांच्या लक्षात आहे. मर्जानींनी आपल्या इतिहासग्रंथात, ज्याचा पहिला खंड १८८५ मध्ये कझानला छापला गेला, या नावाची लाज बाळगणाऱ्यांना फटकारले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की तू तातार नाहीस, अरब नाहीस, ताजिक नाहीस, नोगाई (एक तुर्की भटकी जमात) नाहीस, रशियन वा फ्रेंचही नाहीस, तर मग तू आहेस तरी कोण? शत्रूने दिलेले नाव टाकून देण्याऐवजी ते अंगावर घेऊन मिरवावे, हा सल्ला मला त्या सबंध प्रवासात सर्वांत धाडसी वाटला.

तो सर्वांना पटला असे नाही. व्होल्गावरून जलद बोटीने त्या जुन्या राज्याचे अवशेष असलेल्या बोल्गार गावी गेले, तेव्हा ही दुसरी बाजू समजली. व्होल्गाला तातार भाषेत इदेल म्हणतात; धरणामुळे ती येथे इतकी रुंदावली आहे की मध्येच दोन्ही काठ धूसर होतात. व्होल्गा-बोल्गार राज्याने ९२२ मध्ये इस्लाम स्वीकारला, आणि त्याच वर्षी बगदादच्या खलिफाच्या शिष्टमंडळाबरोबर इब्न फदलान हा प्रवासवृत्त लिहिणारा दूत तेथे आला होता. २०१४ पासून बोल्गारचे अवशेष जागतिक वारसा यादीत आहेत. आपण मंगोलांचे नव्हे, तर या बोल्गारांचे वंशज असल्याने आपले नावही बोल्गार असावे, अशी मागणी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा जोरात झाली होती. ती मागे पडली. लहान मिनार आणि 'कारा पुलात' ही दगडी वास्तू पाहताना तिच्यामागची भावना कळते, तरी मला मर्जानींचाच पक्ष बळकट वाटतो.

याच नदीने पंधराव्या शतकात त्व्हेरचा व्यापारी अफानासी निकितिन खाली उतरला. कझान त्याने विनाअडथळा ओलांडले, पण अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. तरीही तो पुढे चौलला पोहोचला; रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. त्याच्या रशियन वृत्तांतात मध्येच तुर्की, फारसी आणि अरबीची खिचडी असलेले उतारे येतात. ज्यांनी लुटले त्यांना तो 'तातार' म्हणतो, आणि त्यांच्या भाषेच्या गोतातील बोलीत अल्लाची प्रार्थनाही लिहितो.

कझानला मी ज्यांच्याकडे उतरले होते त्यांना सारे 'आपा' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ताईपासून मावशीपर्यंत सर्वांना चालणारे ते संबोधन आहे. त्यांनी ओच्पोचमाक, म्हणजे मांस-बटाट्याच्या सारणाची तिकोनी पेस्ट्री, पुढे ठेवली आणि मी क्रिमियाचे तातार तुमचेच ना, असे विचारताच नकारार्थी मान हलवली. "नाव एक, माणसे वेगळी," असे त्या म्हणाल्या. ते खरे आहे : १९४४ च्या मे महिन्यात स्टालिनने ज्यांना मायभूमीतून हाकलले त्या क्रिमियन तातारांची भाषा, इतिहास आणि दुःखे स्वतंत्र आहेत. झारशाहीच्या १८९७ च्या जनगणनेत तर अझरबैजानी भाषेचीही नोंद 'तातार' अशीच झाली होती. सैबेरियातील खकास लोकही 'मिनुसिन्स्कचे तातार' होते. उलट कझानजवळच्याच, तातार बोलणाऱ्या ख्रिस्ती क्र्याशेन समाजातील अनेकांना आपली गणना तातारांत झालेली मान्य नाही. १९२६ च्या जनगणनेत ते वेगळे मोजले गेले होते. हे नाव नकाशावर साखालिन बेटापाशी सामुद्रधुनी होऊन बसले आहे, आणि एस्तोनियन भाषेत 'तातार' म्हणजे चक्क कुट्टूचे धान्य.

इतक्या दूरवर पसरलेले हे नाव घराशेजारी मात्र चालत नाही, हे मला कझानहून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या योश्कार-ओलाला जाताना उमगले. मारी एल प्रजासत्ताकाची ही राजधानी. मारी लोकांची भाषा फिन्नो-उग्रिक कुळातली. बसमध्ये शेजारी बसलेल्या मारी शिक्षिकेला मी विचारले, की तुम्ही घरी तातारांना काय म्हणता? "सुआस," त्या सहज म्हणाल्या. पूर्वेकडचे उद्मुर्त त्यांना 'बिगेर' म्हणतात, ज्यात बोल्गार हे नाव ऐकू येते. कझाक 'नोगाई' म्हणतात. तातारांनीही परतफेड केलेली आहे : मारींना ते पूर्वी 'चिर्मेश' म्हणत, ज्यावरून रशियनांनी 'चेरेमिस' केले, आणि उद्मुर्तांना 'आर'. शतकानुशतके एकाच बाजारात माल विकणाऱ्या या शेजाऱ्यांनी एकमेकांच्या स्वतःच्या नावाची फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

उतरण्यापूर्वी त्या बाईंनी आणखी एक गंमत सांगितली. चुवाश या तिसऱ्या शेजाऱ्यांना मारी 'सुआसलामारी' म्हणतात, म्हणजे सुआसांच्या वळणाचे मारी. पुढे वाचनात आले, की 'सुआस' हे चुवाश या नावाचेच जुने रूप असावे, असे काही भाषाभ्यासक मानतात. तसे असेल तर मारींनी चुवाशांचे नाव उचलून तातारांना दिले, आणि चुवाशांना तातारांसारखे दिसणारे मारी ठरवले.