मंडळीतलं (चर्चमधलं) भांडण कोर्टात न्यायचं का? तुम्ही विचारलंत म्हणून

साक्री तालुक्यातल्या आमच्या मंडळीत मी वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्यांपैकी एक, म्हणून सेवा करतो, त्यामुळे हा प्रश्न कायम येतो, की विश्वासी (ख्रिस्ती) माणसानं विश्वासी माणसावर केस करावी का. पैसे, बांध, मानपान, असलं सगळं मंडळीतच मिटवा, असं मी ठामपणे सांगतो. बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात 6व्या अध्यायात प्रेषित पौलानं हेच खडसावलंय, भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही अविश्वासी लोकांपुढे, तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का.

पण मत्तयाच्या शुभवर्तमानात 18व्या अध्यायात प्रभू येशूनं जो क्रम दिलाय त्यातली पहिलीच पायरी आपण गाळतो. आधी ज्यानं आपला अपराध केलाय त्याच्याकडे एकट्यानं जायचं. आपण काय करतो, आधी पाळकसाहेबांना फोन, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव न घेता वचन टाकायचं, ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं आणि तोवर काट्याचा नायटा झालेला असतो. मागे दोघा चुलतभावांचं विहिरीच्या पाळीवरून वाजलं, लाईट रात्रीची, एकाचा हरभरा वाळायला लागलेला, दोघंही प्रभुभोजनाला येईनात. शेवटी मोठा एकटाच मळ्यात गेला तर धाकटा म्हणे, "मालेच काबर नही सांगं?" (मलाच का नाही सांगितलं?) तिथंच मोटरच्या पेटीवर खडूनं वार लिहून पाळ्या ठरल्या.

एकट्यानं जाऊन नाही जमलं तर एक-दोन जण सोबत न्यायचे, पण ते आपल्या बाजूनं बोलायला नाही हो! दोन-तीन साक्षीदारांचा नियम बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातला, 19व्या अध्यायातला आहे, एकाच्याच सांगण्यावरून कोणी दोषी ठरू नये म्हणून. तेव्हा स्वतःचा साडू नेऊ नका, दोघांनाही पटेल असा माणूस न्या, आणि पैशाचं असेल तर ठरलेलं कागदावर लिहून सह्या घ्या. त्यानंतरच मंडळीपुढे.

आता मारहाण, लेकरांवर अत्याचार, हे भांडण नाही, गुन्हा आहे. तिथं मंडळीचं नाव खराब होईल म्हणून सोसणाऱ्या बाईला गप्प बसवणं मला पाप वाटतं. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात 13व्या अध्यायात अधिकारी वाईटाला शिक्षा करायला नेमलेत असं स्पष्ट आहे, आणि लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात तर माहीत असून न कळवणंही गुन्हा आहे. स्वतः पौलानंही जीवावर बेतलं तेव्हा कैसराकडे (रोमी सम्राटाकडे) दाद मागितली, प्रेषितांची कृत्ये 25 वाचा. अशा वेळी मंडळीच्या वडिलांनी त्या बाईसोबत पोलीस स्टेशनला जावं, समझोत्याची मीटिंग लावू नये.