रिओच्या सालीवर साखरेची मालिका: आतापर्यंतची नोंद

रिओ या जांभळ्या पानांच्या शोभेच्या झाडाच्या पानाची पातळ साल दाट द्रावणात ठेवून, पेशींतलं पाणी किती बाहेर ओढलं जातं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतोय. मिठाचं पाणी सोडून आता साखरेवर आलोय. मिठात पेशी झटकन आकसतात, बघायला मजा येते. पण मिठाचे पाण्यात आयन सुटतात आणि ते हळूहळू पेशीत शिरतातही. मोजायचं असेल तर साखरच बरी.

पानं घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायटीच्या कुंपणालगतच्या रिओची. पानाच्या खालच्या बाजूचा जांभळा रंग रिक्तिकेतच (पेशीतल्या पाण्याच्या पिशवीतच) विरघळलेला असतो, त्यामुळे वेगळा रंग न घालता पाणी कमी झालेलं दिसतं.

मूळ द्रावण १ मोलर (लिटरमध्ये एक मोल, म्हणजे ३४२ ग्रॅम साखर): ३४.२ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून मग १०० मिलीपर्यंत पाणी भरायचं. आधीच १०० मिली पाणी घेतलं तर द्रावण पातळ होतं. ठाण्याच्या पावसाळ्यात साखर ओल धरते, म्हणून घट्ट डब्यातलीच वजन करावी. पुढचं काम १० मिलीच्या सिरिंजने: २ मिली द्रावणात ८ मिली पाणी म्हणजे ०.२ मोलर, अडीचात साडेसात म्हणजे ०.२५, आणि असंच ०.५ पर्यंत.

सालीचे ५ मिमीचे तुकडे आतली बाजू खाली करून द्रावणावर सोडायचे, कारण बाहेरच्या बाजूला मेणचट थर असतो आणि तिथून देवाणघेवाण फार मंद होते. झाकण लावून अर्धा तास. काचपट्टीवर थेंब घालायचा तो त्याच द्रावणाचा! साध्या पाण्याचा घातला तर पेशी काही मिनिटांत परत फुगतात आणि मोजणी बाद. उशीर केला तर कव्हरस्लिपच्या कडेने पाणी उडून द्रावण दाट होतं. फिकट पेशी मोजू नयेत, त्या साल काढताना फाटलेल्या असतात.

०.२ ला तुरळक पेशी, ०.२५ ला साधारण निम्म्या, तेही फक्त कोपऱ्यांत भित्तिकेपासून (पेशीच्या बाहेरच्या भिंतीपासून) आतला भाग सुटलेल्या. ०.५ ला सगळीकडे जांभळे गोळे. (भित्तिका आणि गोळा यांच्यामधली जागा पोकळ नसते, भित्तिका साखर अडवत नाही, तिथे बाहेरचंच द्रावण असतं.)

निम्म्या पेशी सुटतात तिथे आतला दाब शून्य धरतात, म्हणजे पेशीरसाची ओढ बाहेरच्या द्रावणाइतकीच. ३० अंश सेल्सिअसला (मोलर × वायू स्थिरांक × केल्विन तापमान) ०.२५ × ०.००८३१ × ३०३ = सुमारे ०.६३ मेगापास्कल. साध्या पाण्यात पेशी पूर्ण फुगली की आतला दाब जवळपास एवढाच होतो: मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास तिप्पट, आणि तो पेलते ती पातळ भित्तिका!

शेवटी प्रत्येक तुकडा साध्या पाण्यात घालून तपासायचा. गोळा परत फुगला नाही किंवा रंग बाहेर झिरपला, तर गोळ्याभोवतीचं पातळ पटल मेलेलं; तो आकडा वहीत घ्यायचा नाही. पुढची मालिका ०.२ ते ०.३ मध्ये, ०.०२ च्या पायऱ्यांनी.